हजराचा सत्कार

दोह्याच्या कडेच्या मुऐदरमधल्या त्या व्हिलात पाच सुदानी कुटुंबे राहत होती आणि पाचांत मिळून चूल एकच होती. चूल म्हणजे अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे विटांवर टेकवलेला एका बर्नरचा सांगाडा, त्याला जोडलेला गॅस सिलिंडर आणि वर एक जाड लोखंडी तवा. ही चूल हजराची. पुढे जे गेले ते तिचे गेले, आणि ज्यांनी घालवले त्यांचे काहीही गेले नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो. कारण आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या वृत्तांतात हा तपशील जागेअभावी गाळलेला आहे.

निर्वासित हा शब्द इथे सहसा कोणी वापरत नाही. खार्टूम पेटल्यावर हजरा आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, समीनाला, घेऊन दोह्याला आली ती भेटीच्या व्हिसावर. म्हणजे कागदावर ती पाहुणी. पाहुण्याला काम करता येत नाही, आपल्या नावावर घर घेता येत नाही, आणि पाहुण्याने यजमानाकडे स्वयंपाकघर मागायचे नसते. तिचा भाऊ कमाल इथे बऱ्याच वर्षांपासून एका गोदामात स्टोअरकीपर आहे; त्याने बहिणीसाठी त्या व्हिलातली एक खोली मिळवली. व्हिलाला मूळचे प्रशस्त स्वयंपाकघर होते, पण मालकाच्या व्यवस्थापकाने त्यात जुने एसी आणि मोडके कूलर भरून कुलूप लावले होते. खोल्यांमध्ये शिजवण्यास मनाई होती. खोल्या प्लायवूडच्या पार्टिशनच्या असल्याने ही मनाई योग्यच होती, हे मी मान्य करतो. मग जेवायचे कसे, याचे उत्तर मात्र मनाईच्या पाटीवर लिहिलेले नव्हते.

समीना प्रवासात आजारी पडली होती. तेव्हापासून ती एकच पदार्थ खात असे, किसरा. ज्वारीचे पीठ आंबवून तापल्या तव्यावर कागदासारखी पातळ पसरलेली पोळी म्हणजे किसरा. भात ती तोंडात धरून ठेवी आणि नंतर थुंकून टाकी. पाव हातात कुस्करी. हेल्थ सेंटरमधल्या नर्सने तिचे वजन पाहून कमालला बजावले होते की, ही जे खाते ते तिला मिळालेच पाहिजे, नाहीतर रुग्णालयात दाखल करावे लागेल. म्हणून ती चूल. व्यवस्थापक अंगणातून जाताना टाकीच्या बाजूला मान वळवत नसे. त्याच्याकडून मिळू शकणारी सगळी माणुसकी त्या न वळलेल्या मानेत होती, आणि ती पुरेशी होती.

त्या व्हिलाचे पंप आणि एसी आमच्या देखभाल कंपनीकडे आहेत. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन मी आखातात आलो त्याला आता पिढी उलटली. वय झाले तरी कंपनी मला सोडत नाही, कारण जुन्या यंत्रांच्या खोडी जुन्या माणसांनाच ठाऊक असतात. पंप पाहायला गेलो असता माझ्याबरोबर सुदाम होता, आमचा मंगळवेढ्याकडचा ड्रायव्हर. हजरा पिठाची धार तव्यावर ओतून प्लास्टिकच्या एका बाद कार्डाने ती झरझर पसरवत होती.

“आरं तिच्या! काका, ही बाई तर धिरडी घालतीया. त्ये बी जुंधळ्याची!”

“हळू बोल. ऐकतील.”

“ऐकू द्या की. समजतंय कुणाला?”

कमाल शेजारीच उभा होता. त्याची हिंदी गोदामात घडलेली. ती इथे मी मराठीतच देतो. “हजरा विचारते, हा माणूस हसतो का?”

“सांग तिला, त्याच्या गावचं धान्य दिसलं म्हणून हसतोय.”

हजराने सुदामकडे एकदा पाहिले आणि एक पोळी त्याच्या हातावर टाकली. सुदामने ती उभ्याने संपवली आणि दुसरीसाठी हात तसाच पुढे ठेवला. तिने दिली नाही.

आता मंडळ. त्याचे नाव देत नाही, त्यांना प्रसिद्धी पुरेशी आहे. मी तिथे सल्लागार आहे, अर्धा वयामुळे आणि अर्धा पान्यामुळे. बहुतेक पदाधिकाऱ्यांचे गीझर मीच दुरुस्त केले आहेत. या मंडळात कोणतीही गोष्ट शीर्षकाशिवाय सुरू होत नाही आणि आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही. मध्ये काय घडावे याबद्दल फारसा आग्रह नसतो. सुदानी कुटुंबांची बातमी त्यांना माझ्याकडूनच कळली. मी पंपाच्या बोलण्याच्या ओघात सांगितली, आणि पुढच्या बैठकीत ती उपक्रम होऊन माझ्यासमोर आली.

“काका, ‘एक घास आपुलकीचा’ असं ठरलंय,” सचिव यशोधन म्हणाला. तो एका आयटी कंपनीत आहे आणि माणसांशीही प्रेझेंटेशन दिल्यासारखाच बोलतो. “फूड किट्स. बासमती, तूरडाळ, पोहे, राजगिऱ्याचे लाडू, गोडा मसाला. प्युअर व्हेज ठेवतोय, म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत.”

“कुणाच्या?”

“देणाऱ्यांच्या हो, काका.”

“आणि हे शिजवणार कुठे? त्यांना स्वयंपाकघर नाही. तूरडाळ शिजायला कुकर लागतो, तोही नाही.”

अध्यक्षा कमलिनीताईंनी माझ्याकडे पाहून मान तिरकी केली. “काका, तुम्ही नेहमी निगेटिव्ह बाजू आधी बघता.”

“गळती शोधताना तीच बघायची असते, ताई.”

“मग तुम्हीच सुचवा.”

“ज्वारीचं पीठ द्या. ती सगळी तेच खातात. अल नस्रमधल्या आपल्या वाण्याकडे मिळतं.”

मग आहारतज्ज्ञ मधुराने, एखाद्या वडीलधाऱ्याचा तोल सावरावा तसे, म्हटले, “काका, ज्वारी हेल्दीच आहे. पण ती माणसं आधीच इतक्या गरिबीतून आलीत. त्यांना परत ज्वारीच देणं बरं दिसेल का?”

त्याच महिन्यात मंडळाने ‘भरडधान्ये आणि आपण’ हे व्याख्यान घेतले होते. वक्ता मधुराच होती, आणि उपस्थितांनी ज्वारीच्या खाकऱ्यांसाठी रांग लावली होती. खार्टूममध्ये हजराचे घर दुमजली होते आणि तिच्या नवऱ्याचा औषधांचा घाऊक व्यापार होता, हेही मी सांगू शकलो असतो. सांगितले नाही. निर्वासित माणूस आपल्यासारखाच खाऊनपिऊन सुखी होता, हे कळले की देणाऱ्याचा हात किंचित आखडतो.

एकच अट मी घातली. “टाकीमागे चूल आहे, ती फोटोत येता कामा नये. व्यवस्थापक तिच्याकडे काणाडोळा करतो. मालकाला दिसली तर त्याला डोळे उघडावे लागतील.”

“नोटेड, काका,” यशोधन म्हणाला. आणि खरोखरच त्याने ते लिहून घेतले. या लोकांना लिहिण्याचा कंटाळा कधीच नसतो.

शुक्रवारी सकाळी तीन गाड्या मुऐदरला पोहोचल्या. फलक लावला गेला. मुलांना ओळीत उभे करून लाडू वाटले गेले. समीनाने तिचा लाडू हुंगला आणि टाकीच्या कठड्यावर ठेवून दिला. मधुराने कमी खर्चात सकस आहार या विषयावर इंग्रजीत भाषण केले, आणि कमालने ते अरबीत एका वाक्यात उरकले. काय सांगितलेस, असे मी त्याला विचारले. “म्हटलं, बाईंची तब्येत छान आहे,” तो म्हणाला.

हजरा त्या गर्दीत नव्हती. पीठ तयार होते, तवा तापला होता, ती आपल्या कामाला लागली होती. धुराच्या वासाने कमलिनीताई टाकीमागे वळल्या.

“अय्या! किती ऑथेंटिक! यशोधन, इकडे ये. हिचाच सत्कार करू आपण. अन्नपूर्णा सन्मान!”

मंडळाच्या गाडीच्या डिकीत शाल आणि नारळ कायम असतात, जशी इतरांच्या डिकीत स्टेपनी असते. दोन्ही वस्तू क्षणात आल्या. मी चुलीसमोर जाऊन उभा राहिलो.

“काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय,” यशोधन म्हणाला.

“मुद्दामच येतोय. तू लिहून घेतलं होतंस.”

“हो, हो. चूल ब्लर करतो ना नंतर.”

“आधी सत्कार करा, मग वाद घाला,” कमलिनीताई हसत म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने जाऊन हजराच्या खांद्यावर शाल टाकली. हजराच्या एका हातात पिठाचे भांडे होते. दुसऱ्या हातात नारळ दिला गेला. तव्यावरची पोळी करपू लागली. ती वाकून पोळी काढणार तर तिला सरळ उभे केले गेले.

ती घाईघाईने कमालला काहीतरी म्हणाली. मी त्याच्याकडे पाहिले.

“विचारते, यांना काय हवंय?”

मला उत्तर येत होते. 

संध्याकाळपर्यंत ते छायाचित्र सगळीकडे फिरले. चूल पुसट केलेली नव्हती. उलट प्रकाश नेमका तिच्यावर पडल्याने सिलिंडरचा झडपेसकट तपशील स्पष्ट दिसत होता. खाली मुऐदर, व्हिलाच्या गल्लीची खूण आणि ‘वाळवंटातली अन्नपूर्णा’ अशी ओळ होती. मालकाच्या कार्यालयातल्या कोणीतरी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक दोन माणसे घेऊन आला आणि सिलिंडर, सांगाडा, तवा, सगळे पिकअपमध्ये घालून घेऊन गेला.

मी त्याला गाठले. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. अशा माणसांवर रागावणे मला कधी जमत नाही, आणि राग आधीच दुसरीकडे खर्च झालेला होता.

“मिस्टर, फोटो आला नसता तर मलाही काही दिसलं नसतं,” तो म्हणाला. “आता मालकाला दिसलंय. खलास.”

“आतलं स्वयंपाकघर उघडा.”

“आत सामान आहे. शिवाय आग लागली तर? जबाबदार कोण? त्या बायका? त्या तर व्हिजिटवर आहेत.”

“कोणी इथला रहिवासी जबाबदारी घेईल तर?”

त्याने विचार केला. “स्वतःच्या नावाचा बताका, इथलं रहिवासी ओळखपत्र, असलेला माणूस. गॅसची आणि आगीची पूर्ण जबाबदारी, लेखी. आणि तपासणी करून द्यायची. मग मी मालकाशी बोलतो. इन्शाल्ला.”

“कमालची सही चालेल?”

“तो भाऊ आहे. मालक म्हणेल, भाऊ काहीही सही करेल.”

हजराच्या खोलीत गेलो तेव्हा आंबवलेले पीठ भांड्याबाहेर फुगून आले होते. भांड्यावर मंडळाची शाल झाकलेली होती. जाड असल्याने त्या कामाला ती योग्य होती. भिंतीशी पाचही कुटुंबांचे तूरडाळीचे पुडे रचून ठेवलेले होते. समीना गादीवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिच्याजवळ दुधाचा पेला होता, त्यावर साय धरलेली. कमालने हॉटेलमधून आणलेला किसरा तिने परत केला होता. तो आंबट नव्हता म्हणे.

“नर्सकडे उद्या वजन आहे,” कमाल म्हणाला. हजरा भांड्याच्या काठावरून ओघळलेले पीठ बोटाने परत आत ढकलत होती.

तडक कमलिनीताईंच्या घरी गेलो. कार्यक्रमाचे मूल्यमापन चालू होते, म्हणजे चहा. सगळे भेटले हे बरेच झाले. काय घडले ते मी क्रमाने सांगितले. खेद व्यक्त झाला. खेद व्यक्त करण्यात आमचे मंडळ तत्पर आहे.

“मग आपण टिफिन लावू या त्यांना,” मधुरा म्हणाली.

“मुलगी टिफिन खात नाही. तिला तिच्या आईच्या हातचं एकच खाणं चालतं आणि त्याला तवा लागतो. ताई, तुमच्या मागच्या अंगणात आउटडोअर किचन आहे. आठ दिवस द्या.”

कमलिनीताईंचा हात बशीवर थांबला. “काका, दिलंच असतं हो. पण आमचा गणपतीचा नैवेद्य तिथे शिजतो. आणि ती माणसं काय काय शिजवतील...”

“ज्वारी शिजवतील.”

“आज ज्वारी. उद्या?”

“बरं. मग सही तरी द्या. पूर्ण जबाबदारी, एवढंच लिहायचं आहे. तपासणी मी करतो.”

“पूर्ण म्हणजे नेमकी किती?” यशोधनने विचारले.

“पूर्ण म्हणजे पूर्ण.”

“त्यात कॅप नाही टाकता येणार? नाही म्हणजे, माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आहे. एचआरला कळलं तर...”

मधुराचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर असल्याने, त्याला विचारल्याशिवाय तिला बोलता येत नव्हते. तो शेजारच्या खुर्चीवर बसून फोन पाहत होता, आणि तिने विचारले नाही. एकाने संस्थेने सही करावी असे सुचवले. संस्थेची इथे नोंदणी नाही, याची आठवण दुसऱ्याने करून दिली, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान दिसले. ज्यांनी परवा एका बाईला भर उन्हात अन्नपूर्णा ठरवले होते, त्यांच्यात तिच्या एका शेगडीला नाव देणारा कोणी निघाला नाही.

खाली गाडीत सुदाम वाट पाहत होता. त्यालाही विचारले. कोणाला सूट द्यायची नाही असे ठरवले होते.

“मी? नको काका. मला नका मधी घालू. माझ्या पोरीचं लगीन काढलंय.” मग तो म्हणाला, “वाईट वाटतंय पर.”

“तेही वाटलं नसतं तरी चाललं असतं. गाडी काढ.”

“कुठं?”

“मुऐदर.”

सही मी केली. याला कोणी मोठेपणा म्हणू नये. त्या दिवाणखान्यातून बाहेर पडताना माझ्या मनात दया नव्हती. मुलीचा चेहराही क्षणभर आठवला नव्हता. मी यांच्यातला नाही, एवढे एका कागदावर लिहून हवे होते, आणि योगायोगाने तसा कागद तयार होता. व्यवस्थापकाने माझा बताका उलटसुलट करून पाहिला. “तुमचं वय...” तो म्हणाला. “सही तरुण आहे,” मी म्हटले. तो हसला आणि त्याने किल्ली दिली.

नर्सने दुसऱ्या दिवशीचे वजन आणखी दोन दिवस पुढे ढकलले. ते कमालने कसे साधले मला माहीत नाही. तेवढ्या वेळात स्वयंपाकघर उभे करायचे होते. सामान गॅरेजमध्ये हलवले. त्या कामी सुदामने न सांगता हात लावला आणि न विचारता कुरकुर केली. गॅसची रबरी नळी तडकलेली होती, ती बदलली. सिलिंडर भिंतीबाहेर जाळीच्या पेटीत घेतला आणि तांब्याची नळी आत आणली. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहिले. एक्झॉस्ट पंखा जाम होता. तो खोलून साफ केला. अग्निशामक आमच्या गोदामातून आणला. शेवटच्या दिवशी सकाळी भिंतीवर नियम लावले, अरबीत, कमालच्या अक्षरात: एका वेळी दोनच बायका, झोपण्यापूर्वी बाहेरची झडप बंद, आणि व्हिलाच्या रहिवाशांखेरीज कोणासही आत प्रवेश नाही.

हा शेवटचा नियम तांत्रिक नव्हता. पण तंत्रज्ञाने लिहिल्यावर तो तसा दिसतो.

तो त्याच सकाळी उपयोगी पडला. बातमी मंडळात पोहोचली होती आणि कमलिनीताई, यशोधन व आणखी काही जण फुलांची परडी घेऊन हजर झाले. या वेळी फीतही होती.

“काका, काय काम केलंत! आपण याला ‘अन्नपूर्णा किचन’ म्हणू या. दोन मिनिटांचं उद्घाटन, बस.”

“आत जाता येणार नाही.”

“म्हणजे?”

“नियम आहे. रहिवासी सोडून कोणी नाही.”

“अहो, पण आपणच तर केलंय ना हे!”

“कोणी?”

यशोधन पाटीकडे पाहत होता. त्याला अरबी वाचता येत नाही, म्हणून तो पाटीला जास्तच मान देत होता. “ताई, लायबिलिटीचा इश्यू असेल,” तो हळूच म्हणाला. या एका शब्दासमोर ही माणसे जितकी नम्र होतात तितकी देवासमोरही होत नाहीत. गाड्या वळल्या. परडी दारातच राहिली. बायकांपैकी एकीने ती कांदे ठेवायला आत नेली.

मग हजरा आत आली. कमालने कुठूनतरी दुसरा तवा मिळवला होता. तिने तो शेगडीवर ठेवला, ज्योत पेटवली, वर हात धरला आणि मान हलवली. ती माझ्याकडे न पाहता कमालशी बरेच काही बोलली.

“म्हणते, ही आग मध्येच जळते. कडा थंड राहते. पोळी मध्ये करपेल आणि कडेला चिकट राहील. टाकीमागची चूल यापेक्षा बरी होती.”

“बरोबर आहे,” मी म्हटले. मी बर्नर काढला, मोठ्या कड्याचा बसवला, हवेची झडप किंचित फिरवली. ज्योत निळी आणि रुंद झाली. तिने पुन्हा हात धरला. तिने पीठ ओतले. कार्ड तव्यावरून सर्र फिरले. पहिली पोळी फाटली, ती तिने बाजूला टाकली. दुसरी उतरली.

समीना दारात येऊन उभी होती. पोळी थंड होण्याची वाट न पाहता तिने तुकडा तोडला, हुंगला आणि खाल्ला. मग तिथेच फरशीवर बसून उरलेली सगळी खाल्ली, आणि बोटे चाटून हात आईकडे केला. हजराने तिसरी पोळी तव्यावरून थेट तिच्या हातात दिली. कमाल भिंतीकडे तोंड करून उगाचच अग्निशामकाची पिन तपासू लागला.

आभार मानले गेले नाहीत. मला ते बरे वाटले. आभारांचा वास मला ओळखीचा आहे. हजराने तव्यावरून नजर न काढता कमालला एक प्रश्न विचारला.

“म्हणते, तुमची सही किती दिवस चालेल?”

“माझा बताका आहे तोवर. कंपनी ठेवते आहे तोवर.”

“आणि कंपनी किती दिवस ठेवेल?”

“मी चालतो फिरतो आहे तोवर.”

कमालने तिला सांगितले. तिने आता प्रथमच मला नीट न्याहाळले. पांढरे केस, पाठीचा बाक, पाना धरताना थोडे थरथरणारे मनगट. मग तिने एक ताटली पुढे ओढली, तीत दोन पोळ्या टाकल्या, वर भेंडीचे घट्ट कालवण वाढले आणि ती माझ्यासमोर आदळावी तशी ठेवली.

“काय म्हणते?”

कमाल जरा घुटमळला. “म्हणते, तर मग जेवण वेळेवर करत जा. उभ्याने नको, बसून.”

मी बसलो.